बर्गंडीची रेड वाईन कशी बनते: छाटणीपासून बाटलीपर्यंत, नवख्यांसाठी

नाशिक-सांगलीकडच्या बऱ्याच पोरांना द्राक्षबाग तोंडपाठ असते, पण वाईन म्हटलं की डोळ्यासमोर एकदम स्टीलच्या टाक्या, लाकडी पिंपं आणि ग्लास गरगरा फिरवणारे सूटबूटवाले येतात, आणि त्यात फ्रेंच वाईन म्हटली की विषयच संपला, कारण नावंच उच्चारता येत नाहीत. सगळा फ्रान्स एका दमात सांगायला गेलं तर कुणाच्याच हाताला काही लागणार नाही, बोर्डोचं वेगळं, ऱ्होनचं वेगळं, शँपेनचं तर फारच वेगळं. म्हणून एकच भाग धरू, बर्गंडी, आणि त्यातही रेड. ही पक्की झाली की बाकीचं पटापट लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घाला. आपल्याकडं खाण्याच्या द्राक्षात सगळी धडपड मणी मोठा करायची असते, जीएत (मणी फुगवणाऱ्या संप्रेरकात) घड बुडवा, थिनिंग करा, पाणी द्या, एकरी दहा टन काढा. बर्गंडीवाल्याची धडपड बरोब्बर उलट्या दिशेला चाललेली असते. त्याला मणी लहान पाहिजे, साल जाड पाहिजे आणि माल कमी पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्याच हिशोबाने वाचा.

१. जागा आणि जात

दिजों शहरापासून दक्षिणेला सांतनेपर्यंत पन्नास-साठ किलोमीटरचा एक अरुंद उतार आहे, त्याचं नाव कोत दोर. तोंड बहुतेक पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन सरळ बागेवर. खाली चुनखडी आणि चिकणमाती. मुख्य रस्त्याने जाताना बघितलं तर लगेच कळतं, रस्त्याच्या खालच्या अंगाला सपाट, ओलसर जमीन, तिथली वाईन साधी. वर चढत गेलं की उताराच्या मधल्या पट्ट्यात सगळ्यात महागड्या बागा, आणि अगदी वर जंगलाजवळ गेलं की माती पातळ आणि थंडी जास्त, तिथं पुन्हा दर्जा उतरतो. मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचरा चांगला होतो, उन्हाची तिरीप बरोबर बसते, बस्स एवढंच कारण, पण ह्या एवढ्याशा फरकावर बाटलीची किंमत वीसपट होते.

रेडसाठी जात एकच, पिनो न्वार. व्हाइटसाठी शार्दोने. पूर्वी गामे नावाची जात पण जोरात होती, ती भरमसाठ पिकायची म्हणून शेतकरी खूश, पण वाईन पातळ व्हायची, तर १३९५ मध्ये तिथला ड्यूक फिलिप याने हुकूम काढला की गामे उपटून टाका. सहाशे वर्षांपूर्वीचा उत्पादन कमी करायचा सरकारी आदेश! आता ती गामे खाली बोजोलेमध्ये सुखाने नांदते आहे आणि तिथं ग्रॅनाइटच्या जमिनीत झकास येते.

पुढं १९३५ मध्ये फ्रान्समध्ये कायदाच आला. कुठल्या गावच्या शिवारात कुठली जात लावायची, हेक्टरी किती माल घ्यायचा, किमान साखर किती पाहिजे, सगळं ठरलेलं. ग्रँड क्रू म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागेत रेडसाठी हेक्टरी साधारण ३५ हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आसपास मर्यादा असते. आपल्या भाषेत सांगायचं तर एकरी जेमतेम दोन टन द्राक्ष. नाशिकचा शेतकरी हा आकडा ऐकून हसेल.

२. रोप आणि खुंट

१८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड फ्रान्सला पोचली आणि तीसेक वर्षांत बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो कलमाचा, खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच जात, कारण अमेरिकन वेलीच्या मुळाला ती कीड पचवता येते. आपण डॉगरिज खुंटावर थॉमसन जातीचं कलम भरतो तोच प्रकार, फक्त आपलं कारण पाण्याचा ताण आणि खारट जमीन. पण बर्गंडीत एक अडचण आली, चुनखडीत साधा अमेरिकन खुंट लोह उचलत नाही आणि पानं पिवळी पडतात. तेव्हा बोर्डोच्या मियार्दे नावाच्या प्राध्यापकांनी चुना सहन करणारा ४१-बी नावाचा खुंट तयार केला. आता १६१-४९, एसओ-४ वगैरे पण लावतात.

हेच ते मियार्दे ज्यांनी १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढं आणलं! बोर्डोजवळच्या मेदॉकमधले शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्ष चोरू नये म्हणून, आणि साहेबांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच ओळींवर डावणी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) नाही. आज आपल्याकडं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ‘बोर्डो’ म्हटलं की दुकानदार मोरचूद काढून देतो, ते नाव फ्रान्समधल्या त्या शहराचं आहे हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

लागवड अगदी दाट, एक मीटर बाय एक मीटर, हेक्टरी १०,००० वेली. ओळीत आपला ट्रॅक्टर शिरणारच नाही, म्हणून तिथं ओळीच्या वरून टांगा टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर असतात. दाट लावायचं कारण वेलींनी एकमेकींशी स्पर्धा करावी, मुळं खाली जावीत आणि एका वेलीवर थोडेच घड असावेत. पाणी? ठिबक-बिबक काही नाही, पावसावर.

३. छाटणी

आपल्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, कारण आपली वेल कधी झोपतच नाही, मग डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावावी लागते. बर्गंडीत थंडीच ते काम करते. नोव्हेंबरात पानं गळतात, वेल झोपते, आणि जानेवारी ते मार्च एकच छाटणी.

पद्धत बहुतेक ग्युयो, १९ व्या शतकातल्या डॉक्टर ज्युल ग्युयोंच्या नावावरून. शिकायला सोपी आहे पण हात बसायला एक सीझन जातो. खोडाच्या डोक्यावर गेल्या वर्षीच्या काड्या असतात. त्यातली एक चांगली, पेन्सिलएवढ्या जाडीची काडी ठेवायची, तिच्यावर सहा ते आठ डोळे, ती तारेला आडवी बांधायची. दुसरी एक काडी दोन डोळ्यांवर तोडायची, ती पुढच्या वर्षीसाठी. बाकी सगळं साफ. लक्षात ठेवायचं ते हे की दोन डोळ्यांची काडी नेहमी खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर खोड दरवर्षी वर वर सरकत जातं आणि दहा वर्षांनी वेल तारेच्या वर पोचते. आणि काप मोठे घेऊ नका, जुन्या लाकडात मोठा काप म्हणजे बुरशीला दरवाजा उघडा, खोड आतून वाळत जातं आणि एक दिवस ऐन उन्हाळ्यात वेल उभीच्या उभी मरते. काप घ्यायचाच तर थोडा खुंटा सोडून घ्या.

छाटलेल्या काड्या तिथल्या तिथं जाळायची जुनी रीत, पत्र्याचं पिंप कापून केलेली एकचाकी गाडी असते, त्यात जाळ करून ओळीतून ढकलत न्यायची, हात पण शेकतात. आता बरेच जण काड्या बारीक करून जमिनीतच टाकतात.

छाटणी मार्चपर्यंत लांबवण्यात शहाणपण आहे, कारण उशिरा छाटली की उशिरा फुटते, आणि पुढची भीती थोडी टळते.

४. एप्रिल-मे: थंडीची भीती आणि विरळणी

एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि नेमकं तेव्हाच एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो. कोवळी फूट उणे दोन-तीनला काळी पडते. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलने बर्गंडीचं मोठं नुकसान केलं. उपाय म्हणजे बागेत हेक्टरी तीनचारशे मेणबत्त्यांच्या बादल्या लावून रात्रभर जागायचं, किंवा पहाटे ओला पेंढा जाळून धूर करायचा, म्हणजे गोठलेल्या फुटीवर सकाळचं ऊन एकदम पडत नाही. निफाडच्या बागांत डिसेंबर-जानेवारीत शेकोट्या पेटतात ना, तसलंच जागरण, पण तिथं एका रात्रीत पूर्ण वर्षाचा माल जातो कारण दुसरी छाटणीच नाही.

मेमध्ये वांझ फूट काढायची. खोडावरची, जोड फुटीतली जास्तीची, सगळी हाताने खुडायची. काम कंटाळवाणं, कंबर मोडते, वेली गुडघ्याएवढ्याच असतात. पण माल इथंच कमी होतो, नंतर हिरवे घड कापून टाकण्यापेक्षा इथं दोन डोळे कमी ठेवलेले कधीही बरे.

५. जून ते ऑगस्ट

जूनमध्ये फुलोरा. तिथून काढणीपर्यंत साधारण शंभर दिवस धरतात. मग फुटी तारांत अडकवणे, शेंडे मारणे, डावणी-भुरीवर फवारणी. सेंद्रियवाले फक्त तांबं आणि गंधक वापरतात. काहीजण त्याच्याही पुढं जाऊन बायोडायनॅमिक करतात, गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं आणि ते पाण्यात ढवळून शिंपडायचं. आपल्याकडच्या सेंद्रियवाल्यांना बीडी-५०० म्हणून हे माहीत असेलच. मला स्वतःला शिंगाच्या ताकदीपेक्षा असं वाटतं की जो माणूस एवढा उपद्व्याप करतो तो बागेत रोज फिरतो, आणि फरक त्या फिरण्याने पडत असावा.

जुलै संपता संपता मण्यात पाणी उतरायला लागतं, हिरवे मणी एकेक करून काळे होतात. घडाभोवतीची पानं काढायची ती सकाळच्या उन्हाच्या बाजूची, दुपारच्या बाजूची ठेवा, नाहीतर साल भाजते. पिनोचा घड अगदी गच्च, मुठीएवढा, मणी एकमेकांना दाबतात, पाऊस आला की मधला मणी फुटतो आणि कूज सुरू. हवा खेळती ठेवणं म्हणून महत्त्वाचं.

६. काढणीची तारीख ठरवणे

पूर्ण वर्षातला सगळ्यात अवघड निर्णय. पूर्वी सप्टेंबरचा मध्य-शेवट असायचा, आता उष्णता वाढली तसं ऑगस्टअखेरच कात्र्या चालतात.

रसातली साखर मोजणारा ब्रिक्स मीटर घ्या, पण एकाच घडाचं बघू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मिळून शंभर-दोनशे मणी गोळा करा, पिशवीतच चिरडा, मग मोजा. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. २२-२३ ब्रिक्स म्हणजे साडेबारा-तेरा टक्क्यांची वाईन, पिनोला एवढं पुष्कळ.

मग मीटर खिशात ठेवा आणि मणी खा. आधी गर चोखून घ्या, रस पांढराच असतो, पिनोचा रंग सगळा सालीत. मग साल दाढेखाली नुसती चावत राहा, जीभ कोरडी पडते का, किती पडते, आणि बोटांना रंग लागतो का ते बघा. शेवटी बी. हिरवी बी चावली की तुरट-कडू लागते आणि दाताला चिकटते, पिकलेली तपकिरी बी कडकन मोडते आणि भाजल्यासारखी चव येते. साखर आली पण बी हिरवी, असं गरम वर्षी हमखास होतं. थांबावं तर आंबटपणा उतरतो, तोडावं तर वाईन कच्ची. त्यात हवामानखात्याने पाऊस सांगितलेला. उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही.

थंड वर्षी साखर कमी पडली तर? तर रसात साखर घालतात, हो, चक्क दुकानातली. शाप्ताल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये ही युक्ती लोकप्रिय केली, बर्गंडीत मर्यादेत चालते, दक्षिण फ्रान्समध्ये चालत नाही.

तोडणी चांगल्या बागेत हातानेच. आठ-दहा दिवसांचा मामला, कमरेत वाकून, सिकेटर हातात, पहिल्या दोन दिवसांत डाव्या हाताची बोटं एकदा तरी कापतात. कुजका भाग तिथंच काढून टाका, क्रेटमध्ये जाऊ देऊ नका.

७. टाकीतले तीन आठवडे

आलेला माल सरकत्या पट्ट्यावर निवडायचा. मग देठ काढायचे की नाही हा बर्गंडीतला जुना वाद. मशीनने देठ काढले तर वाईन मऊ आणि फळाच्या वासाची, अख्खे घड टाकले तर मसालेदार आणि जरा करकरीत, पण देठ पिकलेले नसतील तर हिरवा वास येतो. नवख्याने देठ काढावेत.

टाकीत टाकताना शंभर लिटरला ३ ते ५ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड, नको ते जंतू आवरायला. मग तीन-चार दिवस थंडच ठेवायचं, १२-१५ अंशांना, म्हणजे रंग हळूहळू सुटतो. नंतर तापमान वाढू दिलं की सालीवरचंच यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी, जागं होतं. पाकिटातलं यीस्ट टाकलं तरी गुन्हा नाही, उलट पहिल्या खेपेला तेच सुरक्षित.

आता आंबवण जोरात चालते, वायू साली वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी त्यांचा जाड थर बसतो. हा थर कोरडा राहिला तर व्हिनेगर व्हायला लागतं, म्हणून तो दिवसातून एक-दोनदा खाली दाबायचा, ह्याला पिजाज म्हणतात. जुन्या काळी माणसं चड्डीवर टाकीत उतरून पायाने दाबायची, अजूनही काही ठिकाणी करतात. वरचा थर गरम, पाय खाली गेला की एकदम थंड रस, आणि थर इतका घट्ट की सुरुवातीला माणूस वरच उभा राहतो. दुसरी रीत म्हणजे खालून रस काढून पंपाने वर ओतायचा. पिनोला फार घुसळू नका, बीचा कडवटपणा उतरतो.

इथं एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका. टाकीत आणि तळघरात कार्बन डायऑक्साइड साठतो, दिसत नाही, आणि फ्रान्समध्ये त्याने माणसं मेली आहेत. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे तसंच हे, फक्त आता कंदिलाऐवजी वायूचा मीटर वापरा. एकट्याने टाकीवर वाकायचं नाही, आणि कोणी आत पडला तर मागोमाग उडी मारायची नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि घनता वहीत लिहा. घनता (पाण्याची १००० धरून) १०९० च्या आसपास सुरू होते आणि ९९५ च्या खाली आली की साखर संपली. तापमान ३०-३२ पर्यंत ठीक, ३५ च्या वर गेलं की यीस्ट मरतं आणि आंबवण मध्येच अडकते, मग निस्तरत बसा. घनता दोन दिवस हललीच नाही तर लगेच शोध घ्या, आठवडा थांबू नका.

साखर संपल्यावर रोज चव बघा. तुरटपणा पुरेसा झाला की वाईन काढून घ्या आणि साली प्रेसमध्ये. आपोआप वाहून आलेली वाईन आणि दाबून काढलेली वाईन वेगळी ठेवा, किती मिसळायची ते नंतर ठरवा.

८. पिंप

बर्गंडीचं पिंप २२८ लिटरचं, म्हणजे साधारण ३०० बाटल्या. ओकचं लाकूड फ्रान्समधल्याच जंगलांचं, त्रोंसे, अलिये, व्होज. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसापाण्यात ठेवतात आणि मग आतून जाळावर भाजतात. एक नवं पिंप जवळपास हजार युरोला पडतं, त्यामुळं साध्या वाईनला सगळी नवी पिंपं वापरणं परवडत पण नाही आणि शोभत पण नाही, लाकडाचा वास द्राक्षाला खाऊन टाकतो. तिथले बरेच जण गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाईनला पाव-एक हिस्सा नवी पिंपं ठेवतात, मला तेवढंही कधी कधी जास्त वाटतं.

पिंपातच दुसरी आंबवण होते, ती यीस्टची नसून जिवाणूंची, त्यात झोंबणारं मॅलिक आम्ल मऊ लॅक्टिक आम्लात बदलतं. तळघर थंड असेल तर ही वसंतापर्यंत रेंगाळते, घाबरू नका, पण ती संपेपर्यंत सल्फर घालू नका.

लाकडातून वाईन हळूहळू उडते, म्हणून दर आठवडा-दोन आठवड्यांनी पिंप त्याच वाईनने काठोकाठ भरायचं. कंटाळा केला की वर हवा, आणि हवा आली की व्हिनेगर. बारा ते अठरा महिने हेच. शेवटी गाळ खाली ठेवून वाईन काढून घ्यायची, काही जण पिंपाला दोन-चार अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात, तो तुरटपणाचे कण धरून खाली बसतो. मग बाटली.

व्हाइट करायची असेल तर साली आंबवणीत घ्यायच्याच नाहीत, शार्दोने थेट प्रेसमध्ये आणि रस पिंपात. शँपेनमध्ये दुसरी आंबवण बाटलीतच होते आणि बाटल्या किमान पंधरा महिने पडून राहतात, हीच पद्धत आपल्याकडं दिंडोरीत शांदोन कंपनीवाले वापरतात.

९. लेबल वाचणे आणि पहिली बाटली

दर्जे चार. सगळ्यात खाली नुसतं ‘बोर्गोन्य’, त्याच्यावर गावाचं नाव, मग प्रीमिए क्रू, आणि टोकाला ग्रँड क्रू, जो एकूण मालाच्या एक-दीड टक्काच. गावांनी आपल्या प्रसिद्ध बागेचं नाव स्वतःला जोडून घेतलंय, झेव्रे गाव १८४७ पासून झेव्रे-शांबेर्तां झालं, त्यामुळं नवा माणूस फसतो. झेव्रे-शांबेर्तां ही गावची वाईन, नुसतं शांबेर्तां म्हणजे ग्रँड क्रू, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

आणि बागेच्या नावापेक्षा शेतकऱ्याचं नाव आधी बघा. क्लो द वूजो ही भिंतीतली बाग पन्नासेक हेक्टरची, मध्ययुगात मठातल्या साधूंची, एकाच मालकीची. राज्यक्रांतीत ती मठाकडून गेली आणि पुढं विक्री, वाटण्या होत होत आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. भाऊबंदकीत सातबारा कसा होतो ते आपल्याला सांगायला नको. तीच भिंत, तेच ग्रँड क्रू, पण एकाची वाईन अप्रतिम आणि शेजाऱ्याची पाणचट.

सुरुवात चांगल्या शेतकऱ्याच्या साध्या बोर्गोन्यने करा, त्यात लाकूड कमी आणि द्राक्ष जास्त कळतं. पुण्या-मुंबईत ‘रूम टेम्परेचर’ला देऊ नका, आपली खोली ३० अंशांची असते. दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, १५-१६ अंशांना आली की उघडा, आणि झणझणीत रश्श्याबरोबर पिऊ नका, तिखटाने तुरटपणा वाढतो. साधं भाजलेलं चिकन किंवा मशरूम असेल तर उत्तम.